वाकडी पावले सरळ करणारे डॉ. पोन्सेटी

शल्यविशारदाचे कर्तृत्व सहसा त्याने केलेल्या शस्त्रक्रियांवरून मोजले जाते. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांचे कर्तृत्व मोजायचे तर त्यांच्यामुळे टळलेल्या शस्त्रक्रिया मोजाव्या लागतील. जन्मतःच पाऊल आत वळलेल्या, म्हणजेच ‘क्लबफूट’ हा विकार असलेल्या बालकांवर मोठी शस्त्रक्रिया न करता हलक्या हाताने पाऊल वळवून आणि दर आठवड्याला प्लॅस्टर बदलून उपचार करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. आज जगातील बहुतेक देशांत बालअस्थिरोगतज्ज्ञ या विकारावर प्रथम हीच पद्धत वापरतात.

ही मान्यता सहजासहजी मिळालेली नाही. पोन्सेटी यांनी या पद्धतीने उपचार सुरू केले १९४८ मध्ये. वैद्यकीय जगाने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत ही पद्धत आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयाबाहेर फारशी कोणी वापरली नाही. परिणाम चांगले असूनही असे का घडले आणि ते चित्र कशामुळे पालटले, हा पोन्सेटी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा आणि वैद्यकीय व्यवसायाला आजही विचार करायला लावणारा भाग आहे.

विकाराचे स्वरूप

क्लबफूटमध्ये बाळाचे पाऊल चार प्रकारे बिघडलेले असते. पावलाची कमान प्रमाणापेक्षा खोल असते, पावलाचा पुढचा भाग आत वळलेला असतो, टाच आतल्या बाजूला कललेली असते आणि टाचेमागची जाड शीर आखूड असल्याने टाच वर ओढली गेलेली असते. त्यामुळे तळवा जमिनीकडे न राहता दुसऱ्या पायाकडे वळतो. हे पाऊल हाताने सहज सरळ होत नाही. गर्भाशयात अवघडून राहिल्यामुळे काही बाळांची पावले वाकडी दिसतात, परंतु ती हाताने सहज सरळ होतात. तो प्रकार निराळा आणि सौम्य असतो.

साधारणपणे दर हजार जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. मुलींच्या तुलनेत मुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते आणि जवळजवळ निम्म्या बाळांत दोन्ही पावले वाकडी असतात. गर्भाच्या वाढीच्या पहिल्या टप्प्यात पाऊल नेहमीसारखे असते. दुसऱ्या तिमाहीत ते वळू लागते. त्यामुळे अनेकदा गरोदरपणाच्या मध्यावर होणाऱ्या सोनोग्राफीतच हा दोष दिसतो. बहुसंख्य बाळांत अन्य कोणताही आजार नसतो. काही थोड्या बाळांत मात्र मणक्याचा किंवा स्नायूंचा जन्मजात विकारही सोबत असतो आणि तेथे उपचार अधिक कठीण होतात.

या विकाराचे नेमके कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे आणि पायाच्या वाढीशी संबंधित काही जनुकांशी त्याचा संबंध २००८ नंतरच्या संशोधनात दिसून आला आहे. आपल्याकडे मात्र गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, ग्रहणात विळी-सुरी हाती घेतली, असे म्हणून दोष आईच्या माथी मारण्याची रीत आहे. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, तर कधी चक्क पावलाच्या वरच्या भागावर भार देऊन चालू लागते. तेथे घट्टे पडतात, जखमा होतात, नेहमीची पादत्राणे घालता येत नाहीत. वय वाढते तशा वेदना वाढतात. शाळा, रोजगार आणि लग्न या तिन्ही ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते.

घड्याळजीचा मुलगा

इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म ३ जून १९१४ रोजी स्पेनच्या मिनोर्का बेटावरील सिउताडेला या गावी झाला. वडील घड्याळजी होते. लहानपणी इग्नासिओ त्यांच्या दुकानात घड्याळांचे बारीक भाग हाताळण्यास मदत करीत असत. पुढे बार्सिलोना विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. जुलै १९३६ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले, त्याच सुमारास स्पेनमध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला.

पोन्सेटी प्रजासत्ताकाच्या बाजूच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी झाले. तेथे त्यांच्याकडे प्रामुख्याने हाडे मोडलेले जखमी सैनिक येत. प्लॅस्टर घालण्याचे कसब त्यांनी शांत रुग्णालयात नव्हे, तर युद्धाच्या धामधुमीत आत्मसात केले. १९३९ च्या सुरुवातीला जनरल फ्रँको यांच्या फौजांचा विजय निश्चित झाला. जखमींना मागे सोडले तर त्यांचे काय होईल, हे उघड होते. रुग्णवाहिका नव्हत्या. पोन्सेटी यांनी स्थानिक चोरट्या व्यापाऱ्यांची मदत घेतली आणि त्यांच्या खेचरांवरून जखमींना पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये पोहोचवले.

मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाल्याने ते त्याच वर्षी मेक्सिकोला गेले. तेथील हुचितेपेक नावाच्या लहानशा गावात त्यांनी सुमारे दोन वर्षे सर्वसाधारण डॉक्टर म्हणून काम केले. मेक्सिकोतील ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. हुआन फारिल यांच्या साहाय्याने त्यांना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अस्थिशल्यशास्त्र शिकण्याची संधी मिळाली. १९४१ मध्ये ते आयोवा सिटीत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. त्यांच्या पत्नी हेलेना पेर्कास या स्पॅनिश साहित्याच्या प्राध्यापिका आणि सर्व्हांटिसच्या अभ्यासक होत्या.

जुन्या रुग्णांची फेरतपासणी

आयोवातील विभागाचे प्रमुख होते व्हिएन्नात शिकलेले नामवंत शल्यविशारद डॉ. आर्थर स्टाइंडलर. त्यांनी या तरुण सहकाऱ्यावर एक काम सोपवले. विभागात पूर्वी क्लबफूटच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना शोधून काढायचे आणि त्यांच्या पावलांची अवस्था कशी आहे ते तपासायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते.

रुग्णालयात शस्त्रक्रिया यशस्वी ठरते ती टाके काढले आणि पाऊल सरळ दिसले की. पोन्सेटी यांनी तपासलेले रुग्ण त्यानंतरची अनेक वर्षे जगून आलेले होते. त्यांची पावले ताठ, कमजोर आणि दुखरी झाल्याचे त्यांना आढळले. सांधे उघडून, अस्थिबंध कापून पाऊल सरळ करताना आत जे व्रण तयार होत, तेच पुढे सांध्यांची हालचाल बंद करीत होते. एका शस्त्रक्रियेनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी करावी लागलेले रुग्णही होते.

दुसरा उपलब्ध पर्याय प्लॅस्टरचा होता. प्लॅस्टरने वाकडी पावले सरळ करण्याचा प्रयत्न पोन्सेटी यांच्या आधीपासून होत होता. हाताने हळूहळू वळवून पट्ट्या बांधण्याचा उपाय तर ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या परंपरेतील ग्रंथांतही आढळतो. विसाव्या शतकात अमेरिकेतील अटलांटा येथील डॉ. हिरम काइट यांनी प्लॅस्टरच्या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. परंतु त्यांच्या पद्धतीने उपचार अनेक महिने चालत आणि पुष्कळ मुलांना अखेर शस्त्रक्रिया करावीच लागे. त्यामुळे प्लॅस्टर हा अपुरा उपाय आहे, असा समज दृढ झाला होता. प्लॅस्टर अपुरे आहे की ते घालण्याची रीत चुकते आहे, असा प्रश्न पोन्सेटी यांनी विचारला.

पावलाच्या रचनेचा अभ्यास

या प्रश्नाच्या उत्तरासाठी ते पावलाच्या मूळ रचनेकडे वळले. मृत जन्मलेल्या बाळांच्या पावलांचे त्यांनी विच्छेदन केले. चलत्-क्षकिरण चित्रणाच्या साहाय्याने पावलातील हाडे हलताना कशी सरकतात, याचे निरीक्षण केले. घोट्याखालची हाडे दाराच्या बिजागरीसारखी स्वतंत्रपणे एकेका अक्षावर फिरत नाहीत, ती एकमेकांशी जोडलेली असून एकाच वेळी फिरतात, हे त्यातून त्यांच्या लक्षात आले.

पावलाच्या मध्यभागी, घोट्यात बसणारे एक हाड असते. वैद्यकात त्याला टॅलस म्हणतात. क्लबफूटमध्ये बाकीचे पाऊल या हाडाभोवती आत वळलेले असते. म्हणजे टॅलसच्या डोक्यावर बाहेरून अंगठ्याने आधार देऊन बाकीचे पाऊल त्याभोवती बाहेर वळवले, तर टाचेचे हाडही आपोआप योग्य जागी येते. टाचेला हात लावण्याची गरजच नसते. काइट यांच्या पद्धतीत अंगठ्याचा आधार पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाचेच्या हाडाच्या पुढच्या सांध्याजवळ दिला जाई. त्यामुळे टाचेचे हाड अडकून पडे आणि पाऊल सरळ होण्यास महिनोन्महिने लागत. हा दोष पुढे पोन्सेटी यांनी ‘काइट यांची चूक’ या नावाने नोंदवला. फरक अंगठ्याच्या जागेचा, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा होता. मात्र तान्ह्या बाळाच्या पावलात तेवढ्याने उपचाराचा निकाल बदलत होता.

दुसरा महत्त्वाचा शोध अस्थिबंधांबाबतचा होता. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे हे पट्टे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे असतात. इटलीचे डॉ. एर्नेस्टो इप्पोलिटो यांच्यासह पोन्सेटी यांनी गर्भावस्थेतील वाकड्या पावलांच्या ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. तान्ह्या बाळाच्या अस्थिबंधातील तंतू लाटांसारखे नागमोडी असतात. ते हळुवार ताणले की लांबतात, काही दिवस त्याच स्थितीत ठेवले की नव्या लांबीत पुन्हा नागमोडी होतात आणि पुन्हा थोडे ताणता येतात. दर आठवड्याला प्लॅस्टर बदलण्यामागे हेच कारण आहे. जे कापून सांधायचे, ते निसर्ग स्वतःच लांबवू देतो, फक्त त्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

उपचाराची पद्धत

उपचार जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतात. डॉक्टर काही मिनिटे बाळाचे पाऊल हळुवार वळवतात आणि त्या स्थितीत बोटांपासून जांघेपर्यंत प्लॅस्टर घालतात. गुडघा काटकोनात वाकवलेला ठेवतात, अन्यथा पाऊल प्लॅस्टरमधून निसटते. पहिल्या प्लॅस्टरमध्ये पावलाची खोल कमान सरळ केली जाते. त्यासाठी पावलाचा पुढचा भाग आणखी आत वळल्यासारखा दिसेल अशा रीतीने वर उचलावा लागतो. पाहणाऱ्याला ही कृती उलटी वाटते आणि पद्धत अर्धवट शिकलेले डॉक्टर नेमके येथेच चुकतात.

त्यानंतरच्या प्लॅस्टरमध्ये पाऊल टप्प्याटप्प्याने बाहेर वळवले जाते. बहुतेक बाळांना पाच-सहा प्लॅस्टर पुरतात. शेवटी टाच वर ओढणारी शीर तेवढी उरते. बहुसंख्य बाळांत ती स्थानिक भूल देऊन बारीक पात्याने त्वचेतूनच छेदतात. हे काम काही मिनिटांचे असते आणि टाकेही लागत नाहीत. मग तीन आठवड्यांचे अखेरचे प्लॅस्टर घातले जाते. तेवढ्या अवधीत शीर नव्या लांबीत पुन्हा जुळून येते.

पाऊल सरळ झाले म्हणजे उपचार संपले असे मात्र नाही. त्यानंतर बाळाला दांडीने जोडलेले विशेष बूट वापरावे लागतात. पहिले तीन महिने ते जवळजवळ दिवसभर, दिवसाचे सुमारे २३ तास घालावे लागतात. पुढे वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत ते घालतात. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात पोन्सेटी यांच्या सुमारे निम्म्या रुग्णांत पाऊल पुन्हा आत वळत असल्याचे दिसून आले होते. बूट न वापरणे हेच त्याचे मुख्य कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. काही मुलांत अडीच-तीन वर्षांनंतर पावलावरील एक कंडरा हलवून दुसरीकडे बसवण्याची लहान शस्त्रक्रियाही करावी लागते. पोन्सेटी यांचा शस्त्रक्रियेला सरसकट विरोध नव्हता. सांधे उघडणारी मोठी शस्त्रक्रिया टाळावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

तीन दशकांची उपेक्षा

१९६३ मध्ये पोन्सेटी आणि डॉ. युजीन स्मोली यांनी अमेरिकेतील प्रतिष्ठित अस्थिशल्य नियतकालिकात ६७ रुग्णांच्या ९४ पावलांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० मध्ये डॉ. स्टर्लिंग लाव्हेग यांच्यासह त्यांनी याच पद्धतीच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास मांडला. दोन्ही लेखांची व्यवसायात विशेष दखल घेतली गेली नाही.

त्याची कारणे एकाहून अधिक होती. काइट यांच्या पद्धतीमुळे प्लॅस्टरवरचा विश्वास आधीच उडालेला होता. काही डॉक्टरांनी पोन्सेटी यांची पद्धत वापरून पाहिली, परंतु बारकावे न समजून घेतल्याने त्यांना तसे यश मिळाले नाही आणि त्यांनी ती सोडून दिली. दुसरीकडे भूलशास्त्र आणि शस्त्रक्रियेचे तंत्र झपाट्याने पुढे जात होते. १९७१ मध्ये डॉ. व्हिन्सेंट टर्को यांनी एकाच शस्त्रक्रियेत पावलाचे सारे घट्ट भाग मोकळे करण्याची पद्धत मांडली. ती पटकन लोकप्रिय झाली. परिणाम डोळ्यांपुढे तत्काळ दिसत होता. प्लॅस्टरच्या पद्धतीत चमकदार असे काही नव्हते. तिचे यश तीस वर्षांनी तपासावे लागणार होते.

१९८४ मध्ये पोन्सेटी सेवानिवृत्त झाले. सेवानिवृत्तीनंतर आपल्याच पद्धतीकडे आणि बाळांच्या पावलांकडे होत असलेले दुर्लक्ष त्यांना स्वस्थ बसू देईना. काही काळाने ते पुन्हा रुग्णालयात येऊन रुग्ण तपासू लागले.

या काळात त्यांच्या बाजूने बोलले ते त्यांचे जुने रुग्ण. १९९५ मध्ये डॉ. डग्लस कूपर आणि डॉ. फ्रेडरिक डाएट्झ यांनी बालपणी पोन्सेटी यांच्याकडे उपचार घेतलेल्या ४५ जणांच्या ७१ पावलांची सुमारे तीस वर्षांनी केलेली तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७८ टक्के जणांचे निष्कर्ष उत्तम किंवा चांगले होते. जन्मतः पायाचा कोणताही दोष नसलेल्या लोकांच्या तुलना गटात हेच प्रमाण ८५ टक्के होते. म्हणजे तरुणपण ओलांडलेले हे रुग्ण जवळजवळ इतर लोकांइतकेच व्यवस्थित चालत-फिरत होते. याउलट मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अमेरिकेतच झालेला तितकाच दीर्घ अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांची पावले ताठ आणि संधिवाताने ग्रासलेली होती. पोन्सेटी यांनी १९४० च्या दशकात जे पाहिले होते, तेच त्यात पुन्हा दिसले.

पालकांनी घेतलेला पुढाकार

१९९६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने पोन्सेटी यांचे क्लबफूटच्या उपचारांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. पुस्तकाने काही मोजक्या डॉक्टरांचे लक्ष वेधले. खरी गती मात्र दिली ती पालकांनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठाने या पद्धतीची माहिती इंटरनेटवर उपलब्ध करून दिली. बाळाची शस्त्रक्रिया ठरलेले आईवडील ती वाचू लागले, एकमेकांना कळवू लागले आणि विमानाने आयोवा सिटी गाठू लागले. परत गेल्यावर ते आपल्या शहरातील डॉक्टरांना विचारू लागले, ‘तुम्ही ही पद्धत का वापरत नाही?’ आयोवातील डॉक्टरांनी २००३ मध्ये इंटरनेटच्या या परिणामावर स्वतंत्र शोधलेखच लिहिला. वैद्यकीय परिषदांत जे तीस वर्षांत घडले नाही, ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या प्रश्नांनी काही वर्षांत घडवले.

२००४ मध्ये डॉ. होसे मोर्कुएन्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वतः पोन्सेटीही होते, १५७ बालकांच्या २५६ पावलांवरील उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९८ टक्के बालकांची पावले सरळ झाली. ९० टक्के बालकांना पाच किंवा त्याहून कमी प्लॅस्टर लागले. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली ती केवळ चार बालकांवर. पाऊल पुन्हा वळण्याचा संबंध बाळाच्या वयाशी किंवा आधी झालेल्या अयशस्वी उपचारांशी नव्हता, तर बूट नियमित न वापरण्याशी होता.

व्यवसायाचा कल किती बदलला हे अमेरिकेतील एका अभ्यासातून दिसते. १९९६ मध्ये तेथे क्लबफूटच्या सुमारे ७० टक्के रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया होत असे. २००६ पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले.

गरीब देशांसाठी महत्त्व

क्लबफूट घेऊन जन्मणारी बहुसंख्य बाळे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात. तेथे बालअस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृहे यांची वानवा असते. पोन्सेटी पद्धतीला लागतात ते प्लॅस्टर, कापूस, पाणी आणि शिकलेले हात. त्यामुळे ही पद्धत या देशांत अधिकच उपयुक्त ठरली.

कॅनडातील डॉ. शफिक पिरानी यांनी युगांडामध्ये या पद्धतीचा प्रसार करण्यात पुढाकार घेतला. पावलाच्या विकृतीची तीव्रता सहा लक्षणांवरून शून्य ते सहा गुणांत मोजण्याची त्यांची सोपी मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. मलावी या देशात तर डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी या पद्धतीने उपचार केले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात १०० पैकी ९८ पावले जमिनीवर सपाट टेकतील इतकी सरळ झाली. शल्यविशारदाच्या हातातील कौशल्य अशा रीतीने आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती गेले.

भारतातील जन्मांची संख्या पाहता दर हजारी एक या हिशेबाने देशात दरवर्षी वीस हजारांहून अधिक बाळे हा विकार घेऊन जन्मतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मजात दोष शोधून मोफत उपचारांसाठी पाठवण्याच्या या कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांत या विकारासाठी आठवड्यातील ठरावीक दिवशी बाह्यरुग्ण विभाग चालतो.

अडचण आता उपचाराच्या ज्ञानाची कमी आणि सातत्याची अधिक आहे. दर आठवड्याला तान्ह्या बाळाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. प्लॅस्टर संपले, पाऊल सरळ दिसू लागले की बूट कशाला, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. बाळ रात्री बूट घालताना रडते, म्हणून आजी ते काढून ठेवते. काही महिन्यांत पाऊल पुन्हा आत वळते. पावलाचे भवितव्य पहिले दोन महिने डॉक्टरच्या हातात असते, त्यानंतरची चार वर्षे ते घरच्या माणसांच्या हातात असते. म्हणूनच उपचारांच्या पहिल्या दिवसापासून केवळ आईला नव्हे, तर साऱ्या घराला बुटांचे महत्त्व पटवून देणे हा या पद्धतीचाच भाग मानला जातो. बूट मऊ आणि बाळाला सोसवतील असे असावेत, यासाठी स्वतः पोन्सेटी यांनीही आयोवातील कारागीर जॉन मिचेल यांच्यासह नव्या प्रकारचे बूट विकसित केले.

अन्य संशोधन

पोन्सेटी यांचे संशोधन पावलापुरते मर्यादित नव्हते. पाठीचा कणा एका बाजूला वळण्याच्या विकारात कोणत्या मुलांचा बाक वाढेल आणि कोणाचा नाही, यावर त्यांनी १९५० मध्ये महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांचाही आयोवात पुढे अनेक दशके पाठपुरावा झाला. उंदरांना गोड वाटाणा नावाच्या शोभेच्या फुलवेलीच्या बिया खाऊ घातल्यास त्यांच्या कण्याला बाक येतो आणि मुख्य रक्तवाहिनी फाटते, हे त्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. विदर्भात खाल्ली जाणारी लाखोळी याच वनस्पतिकुळातील आहे, मात्र तिच्यातील अपायकारक घटक वेगळा आहे. या प्रयोगांतून कोलॅजनच्या तंतूंची वीण कशी बिघडते, हे समजण्यास मदत झाली. बालकांच्या खुब्याच्या सांध्याच्या वाढीवरही त्यांनी काम केले. या साऱ्यामागे एकच शिस्त होती. आपल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे वर्षानुवर्षे तपासत राहायचे.

वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पोन्सेटी रुग्णालयात येत होते, बाळांना प्लॅस्टर घालत होते आणि देशोदेशींच्या डॉक्टरांना ते शिकवत होते. १८ ऑक्टोबर २००९ रोजी आयोवा सिटीत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, २०१३ पासून जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

जीवनपट

१९१४ : ३ जून रोजी मिनोर्का बेटावर जन्म.
१९३६ : बार्सिलोना येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण, यादवी युद्धात वैद्यकीय अधिकारी.
१९३९ : जखमींसह फ्रान्समध्ये आश्रय, त्यानंतर मेक्सिकोला प्रयाण.
१९४१ : आयोवा विद्यापीठात दाखल.
१९४८ : क्लबफूटवर नव्या पद्धतीने उपचारांना प्रारंभ.
१९६३ : उपचारांचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध.
१९८४ : सेवानिवृत्ती, काही काळाने पुन्हा रुग्णसेवेत.
१९९६ : क्लबफूटवरील पुस्तक प्रसिद्ध.
२००९ : १८ ऑक्टोबर रोजी निधन.